नोंद आढळत नाही

मंगळवार, ८ जुलै. आषाढ शुद्ध त्रयोदशी

आज पुन्हा तीच तऱ्हा. सकाळी अकराला वैरागचे एक गृहस्थ आले. वडिलांच्या शाळेचा दाखला हवा होता. मी कॉम्प्युटरवर वडिलांचं नाव टाइप केलं, तर उत्तर आलं, काही सापडलं नाही. तेच गृहस्थ बाजार उरकून साडेचारला परत आले. तेच नाव पुन्हा टाइप केलं आणि फाइल चटकन समोर आली. ते म्हणाले, "सकाळी झोपलं व्हतं का ओ तुमचं मशीन?" बोलले मशीनला, पण बघत माझ्याकडे होते.

हे कुणापाशी बोलावं तर हसतील, म्हणून या वहीत लिहितो.

सोलापुरातल्या आमच्या या शाळेला शंभरावर वर्षं झाली. आजवर शिकून गेलेल्या प्रत्येक पोराची नोंद जनरल रजिस्टरात असते आणि रजिस्टरं माझ्या, म्हणजे कारकुनाच्या, ताब्यात. पानांचे तुकडे पडू लागले तेव्हा मीच हट्ट धरला की सगळं स्कॅन करू. चार वर्षं रोज चाळीस-चाळीस नोंदी केल्या. एका विद्यार्थ्याची एक फाइल, आणि फाइलच्या नावातच नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, साल. एक्केचाळीस हजार फाइली झाल्या. मे महिन्यात काम संपलं. जूनमध्ये शाळा उघडताना नवा कॉम्प्युटर आला आणि जुनी रजिस्टरं बांधणीला गेली. आता जे काय आहे ते या डब्यात.

नव्या यंत्राचा मान राखावा म्हणून पहिल्या दिवसापासून एक नेम ठेवला आहे. आल्यावर उदबत्ती लावतो, कॉम्प्युटर सुरू करतो, रजिस्टरांच्या मोठ्या फोल्डरचं कालचं नाव पुसून त्यावर 'श्री' आणि आजची तिथी घालतो, हात जोडतो आणि मगच पहिल्या माणसाला आत बोलावतो. एवढं करूनही असं का व्हावं, कळत नाही.

गुरुवार, १० जुलै. आषाढ पौर्णिमा

गुरुपौर्णिमा. केम गावच्या शाळेतले आमचे गुरुजी आठवले. ते वर्गात आले की आधी फळा बघत. वर मधोमध 'श्री', एका अंगाला वार, दुसऱ्या अंगाला तिथी. कालची तिथी फळ्यावर राहिलेली दिसली तर शिकवायला सुरुवात करत नसत. "कालचा दिवस पुसल्याबिगर आजचा मांडता येत न्हाई रे," म्हणत. चौथीत ते काम माझ्याकडे होतं. हात पुरायचा नाही म्हणून तेलाच्या डब्यावर उभा राहायचो. अजूनही कामाच्या माथ्यावर तिथी नसली की ते काम मला उघडंबोडकं वाटतं.

दुपारी पूनम आली. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते, मोहोळची आहे, तिशीची असेल. बोलणं फटकळ, पण काम झाल्याशिवाय उठत नाही.

"काका, तुमचा इंडेक्स बिघडलाय."

"म्हणजे फाइली गेल्या?" मी विचारलं.

"फाइली कुठं जायला? जिथल्या तिथं हायत की. मशीन सगळ्या नावांची एक यादी बनवून ठेवतंय, पुस्तकाच्या मागं असती तशी. तुम्ही सर्च करता ते त्या यादीत. यादीच अर्धी असली तर नाव कुठनं सापडंल?"

आमचा शिपाई गुरप्पा चहा ठेवत होता. तो अक्कलकोटकडचा, बोलण्यात निम्मं कानडी. "यप्पा! म्हणजे पोरं वर्गात हायत, पण हजेरीत न्हाईत."

"बघा, मामांना एका मिनिटात कळलं," पूनम म्हणाली.

तिनं जुनी यादी पुसून टाकली आणि नवी बनवायला लावली. सर्चच्या वर एक पिवळी पट्टी येते, 'यादी तयार होत आहे, शोध अपुरा असू शकतो' अशा अर्थाची. पाच वाजता ती पट्टी गेली. दहा नावं टाकून पाहिली, दहाही सापडली. गुरुजींना मनातल्या मनात नमस्कार करून घरी आलो.

शुक्रवार, ११ जुलै. आषाढ वद्य प्रतिपदा

सकाळी मन प्रसन्न होतं. नेहमीसारखं सगळं केलं, तिथी घातली. दहा मिनिटांत पिवळी पट्टी हजर.

पूनमला फोन केला. ती म्हणाली, "असं कसं होईल काका? काल तर पूर्ण झालं होतं." दोन कॉलेजांच्या परीक्षांचं काम आहे, पुढच्या गुरुवारपर्यंत येता येणार नाही.

गुरप्पा म्हणाला, "दृष्ट लागली बघा. लिंबू-मिरची बांधू का?" मी नको म्हटलं. पण नंतर विचार केला, मोठ्या फोल्डरला आपण तिथी घालतो आणि आतले दशकादशकांचे अकरा फोल्डर तसेच उघडे ठेवतो. हे बरं दिसत नाही. आज त्या अकराही फोल्डरांवर 'श्री' आणि तिथी घातली. काही कमी पडत असेल तर आपल्या बाजूनं पडू नये.

सोमवार, १४ जुलै. संकष्टी चतुर्थी

मागच्या आठवड्यापर्यंत संध्याकाळी तरी पट्टी जायची. आता पाचलाही जात नाही.

साडेअकराला एक म्हातारी आणि तिची नात आली. सांगोल्याकडच्या मेटकरवाडीच्या. म्हातारीचं नाव केराबाई, कपाळावर भंडारा, पंचाहत्तरीची असेल. नात ऋतुजा. तिला पशुवैद्यकीयला प्रवेश मिळतो आहे. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. पोरगी मेंढरांची डॉक्टर होणार. पण जात पडताळणीला एकोणीसशे एकसष्टच्या आधीचा पुरावा लागतो आणि त्यांच्या घराण्यात त्या काळी शाळेत गेलेला एकच माणूस, तिचा आजा हरिबा. पडताळणी समितीपुढे बावीस तारखेला सुनावणी आहे. त्या दिवशी कागद नसला तर जागा जाणार.

"हरिबा धुळा मेटकरी," ऋतुजानं सांगितलं. "साल चोपन्न-पंचावन्न असंल."

मी टाइप केलं. काही नाही. नुसतं आडनाव, नुसतं गाव, नुसतं हरिबा असंही टाकून पाहिलं. चार हरिबा आले, पण दोन बार्शीकडचे, दोन शहरातले.

"ह्याच शाळंत व्हते की," केराबाई म्हणाली. "दगडी जिना हाय, वर जाताना उजव्या अंगाला घंटा हाय, समदं सांगायचे. आल्या आल्या बघितलं म्या. हाय."

"सोलापुरात दगडी जिन्याच्या बऱ्याच शाळा आहेत, आजी."

"काका, वर पिवळं काहीतरी आलंय," ऋतुजा वाकून बघत म्हणाली.

"ते रोजच येतं."

"मग रजिस्टर बघता येईल का?"

"बांधणीला गेलंय. महिना तरी लागेल."

आलेल्या माणसाला त्याच दिवशी लेखी उत्तर द्यायचं, असा आमचा दंडक आहे. मीच पाडलेला. मी लिहिलं: सदर नावाची नोंद शाळेच्या अभिलेखात आढळत नाही. मुख्याध्यापिका सिद्धेश्वरी मॅडमनी माझी सही बघून खाली सही केली.

"काय लिवलंय?" केराबाईनं विचारलं. मी वाचून दाखवलं.

"म्हंजी ते हितं शिकलं न्हाईत?"

"नोंद नाही, आजी."

ती माझ्या टेबलाकडे बघत "साठ वर्सं सांगत व्हते," एवढंच म्हणाली आणि नातीचा हात न धरता खाली उतरून गेली.

रात्री उपास सोडला.

मंगळवार, १५ जुलै. आषाढ वद्य पंचमी

नियमाप्रमाणे वागलो. नावं मी स्वतःच्या हातानं घातली आहेत, असतं तर सापडलं असतं. दिवसभर हेच मनाला सांगत होतो. जे खरं असतं ते इतक्यांदा सांगावं लागतं का?

गुरुवार, १७ जुलै. आषाढ वद्य सप्तमी

पूनम सकाळी नाही, दुपारी आली. व्हायरसची फाइल नाही, जागा भरलेली नाही, कॉम्प्युटर मध्येच झोपी जात नाही, हे सगळं तिनं एकेक करून बघितलं. मग कुठलीशी नोंदवही उघडली. कॉम्प्युटर आपला दिनक्रम लिहून ठेवतो म्हणे, आपण ठेवतो तशी.

"काका, हे बघा. रोज सकाळी दहा-चाळीसच्या सुमाराला. एकदम एक्केचाळीस हजार फाइली बदलल्या असं म्हणायलंय. आज पण. काल पण. रविवारी तेवढं नाही."

"रविवारी सुट्टी असते."

"ते कळलं. पण बदलतंय कोण?"

"कोणी नाही. एवढ्या फाइली करायला माझी चार वर्षं गेली. मी तर त्यांना हातही लावत नाही."

"मामा, तुम्ही?"

"मी माउसला पण भितो, बाई," गुरप्पा म्हणाला.

पूनम दोन्ही हातांत डोकं धरून स्क्रीनकडे बघत बसली. "शनिवारी दहालाच येते. तुमच्या शेजारी बसते. चोर येतोय कधी ते बघू."

ती गेल्यावर मला वाटलं, विजेचा दाब कमीजास्त होत असेल. दहा-चाळीसला समोरच्या गिरणीचं चाक सुरू होतं. शनिवारी तिला सांगायला हवं.

शुक्रवार, १८ जुलै. आषाढ वद्य अष्टमी

ऋतुजाचा फोन आला. आधी मी ओळखलं नाही.

"काका, परत एकदा बघाल का? माझ्यासाठी नाही. माझं काय व्हायचं ते होईल. आजीनं आजोबांचा फोटो भिंतीवरनं काढून ठेवलाय. म्हणते, माझ्याशी जन्मभर खोटं बोलला माणूस. धाकटे आजोबा बिरोबाच्या देवळात बसून सगळ्यांना तुमचं पत्र वाचून दाखवायलेत. हरिबा शाळेच्या नावाखाली सोलापुरात कुणाच्या तरी हॉटेलात कपबशा धुवत होता म्हणून."

"बघतो," म्हणालो. फोन धरूनच पाहिलं. पिवळी पट्टी, खाली काही नाही. "नाही सापडत, बाळ."

ती "बरं" म्हणाली. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

एका वाक्याचं पत्र. ते मी एका पोरीच्या प्रवेशाबद्दल लिहिलं असं समजत होतो.

शनिवार, १९ जुलै. आषाढ वद्य नवमी

जसं झालं तसं लिहितो, लाज राखून लिहिण्यात अर्थ नाही.

पूनम दहाला आली आणि खुर्ची ओढून बसली. मी उदबत्ती लावली. स्क्रीन जागी केली. पट्टी नव्हती. काल साडेपाचला निघताना मी यंत्र बंदच केलं नव्हतं, तिनं तसं सांगितलं होतं. सगळी यादी पूर्ण होती. पूनम म्हणाली, "बघा, आता एकदम बरोबर हाय." मला बरं वाटलं. मग मी नेहमीप्रमाणे मोठ्या फोल्डरवर गेलो, 'अष्टमी' पुसलं, 'नवमी' लिहायला लागलो.

"काका. थांबा. काय करायलाव?"

"तिथी घालतोय."

"कशाला?"

"फोल्डरला. रोज घालतो."

"रोज?"

"शाळा उघडल्यापासून. आता आतल्या अकरांनाही घालतो."

तिनं माझ्या हातातून माउस अलगद काढून घेतला. गुरप्पाला वाटलं काहीतरी जळालं, तो धावत आला.

"काका," ती शेवटी म्हणाली, आणि तिच्यासारख्या फटकळ पोरीचा आवाज एवढा हळू असू शकतो हे मला माहीत नव्हतं, "तुम्ही रोज सकाळी अख्ख्या गल्लीचं नाव बदलायलाव. नाव बदललं की आतल्या एक्केचाळीस हजार घरांचा पत्ता बदलला. मशीन बिचारं रोज पहिल्या घरापासनं परत यादी करतंय. त्याची कशीबशी संध्याकाळी होत आली की दुसऱ्या दिवशी तुम्ही परत नवीन नाव देताय. गेल्या आठवड्यात तर बोळांची पण नावं बदलाय लागला."

गुरप्पा तोंडावर टॉवेल धरून बाहेर गेला. तो हसत होता. हसू दे.

"म्हणजे मीच," मी म्हणालो.

"देवाचं नाव घेण्यात काय वाईट नाही ओ. पण ते फोल्डरवर नको. भिंतीवर लिहा, पाटीवर लिहा, माझ्या कपाळावर लिहा पाहिजे तर."

मी नवमी अर्धीच ठेवली. तिनं अष्टमी परत आणली आणि म्हणाली, आता शोधा. मी कुणाचं नाव शोधणार होतो ते तिला माहीत नव्हतं. हरिबा धुळा मेटकरी.

३१८८, हरिबा धुळा मेटकरी, मेटकरवाडी, १९५४.

तिथेच होता. चार वर्षांपूर्वी कधीतरी मीच त्याचं नाव टाइप केलं असणार.

मी रडलो असं पूनमला वाटलं, तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. जूनपासून 'आढळत नाही' अशी तीन पत्रं दिली होती. बाकीच्या दोन नावांचाही लगेच शोध घेतला. ती खरोखरच नाहीत. हे लिहितानाही सुटल्यासारखं वाटत नाही.

रविवार, २० जुलै. आषाढ वद्य दशमी

आज पूजेला बसलो आणि बोलायला काही सुचेना. देवाला वाटलं असेल का, की हा माझं नाव घेऊन लोकांची नावं पुसतो आहे? गुरुजी फळ्यावर तिथी लिहीत. हजेरीच्या वहीचं नाव त्यांनी कधी बदललं नाही. हा फरक मला पन्नाशीला आल्यावर कळावा.

पण त्याहून वाईट दुसरंच. पट्टी समोर होती. 'शोध अपुरा असू शकतो' असं यंत्र स्वतः सांगत होतं. त्या पोरीनंही दाखवलं. यंत्राला जेवढी शंका होती तेवढी मला नव्हती, कारण नावं माझ्या हातची होती.

सोमवार, २१ जुलै. आषाढ वद्य एकादशी

दहाला मॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. तिथीसकट.

त्यांनी चष्मा काढला. "अजिनाथ, किती वर्षं झाली तुम्हाला?"

"सव्वीस."

"सव्वीस वर्षांत तुमच्या पत्राखाली मी आणि माझ्या आधीच्यांनी डोळे मिटून सह्या केल्या. मीही त्या दिवशी विचारलं नाही, रजिस्टर बघितलं का म्हणून."

"चूक माझी आहे."

"सही माझीही आहे. आता रडगाणं नको. उद्या सुनावणी आहे. समितीपुढे एकदा 'नाही' आणि आठ दिवसांनी 'आहे' असं पत्र गेलं तर ते काय समजतील? दुसरा कागद जमवून आणला असंच समजतील. मूळ रजिस्टर पाहिजे, आणि तुम्ही पाहिजे."

पूर्व भागातल्या बांधणीवाल्याकडे गेलो. त्यानं रजिस्टराची पाठ उसवून ठेवली होती, पानं गठ्ठ्यानं दोऱ्यात. "असं कसं न्यायचं साहेब? पान सुटलं तर माझ्या नावानं ओरडाल." मी म्हटलं, मांडीवर घेऊन बसतो. त्यानं दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून दिलं. रिक्षात घट्ट धरून बसलो, वरून धोतराचं फडकं.

पान पाहिलं. शाई फिकी झाली आहे, पण अक्षर वळणदार. नोंद असल्याचं नवं पत्र लिहून मॅडमची सही घेतली आणि ऋतुजाला फोन केला. ती म्हणाली, "काका, खरं?" मी म्हटलं, या वेळी कागद बघून सांगतोय.

दाराजवळ एक पाटी टांगली आहे. त्यावर गुरप्पानं आजची तिथी लिहिली. चुकीची, पण मी दुरुस्त केली.

मंगळवार, २२ जुलै. आषाढ वद्य द्वादशी

समितीच्या कार्यालयात बाकावर केराबाई, ऋतुजा, मी आणि मॅडम. केराबाई माझ्याशी बोलली नाही. माझ्या मांडीवरच्या पुठ्ठ्यांकडे मात्र बघत होती.

अधिकाऱ्यांनी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. "यातलं खरं कुठलं?"

"दुसरं. पहिलं माझ्या चुकीनं दिलं गेलं."

"चूक कशी झाली?"

"मी कॉम्प्युटरमधल्या फोल्डरला रोज तिथी घालत होतो, साहेब."

मॅडम खोकल्या. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं आता बाहेर घालवतील. ते म्हणाले, "सविस्तर सांगा." मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. मग पान पाहिलं, मागची-पुढची नोंद पाहिली, शाई पाहिली, भिंगातूनही पाहिली. शेवटी म्हणाले, पुरावा दाखल करून घेतो, प्रमाणपत्रासाठी शुक्रवारी या.

ऋतुजा बाहेर येऊन भिंतीला टेकून खालीच बसली. मॅडमनी तिला पोटाशी धरलं.

केराबाईला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "कुटं हाय?" मी रजिस्टर उघडून नावावर बोट ठेवलं. ती शाईला बोट लावेना, शेजारच्या कोऱ्या जागेवर ठेवलं. "वाचा." मी नंबर, नाव, बापाचं नाव, गाव वाचलं. गावाचं नाव आलं तशी म्हणाली, "बास. कळलं."

मी म्हणालो, "आजी, माझं चुकलं. माफ करा."

"माफ काय करायचं? तुमी न्हाई म्हनला, म्या मानलं. आठ दीस म्या त्यास्नी लबाड म्हनले. मेलेल्या मानसाला. त्याचं काय करू, सांगा."

मी म्हणालो, "गावासाठी वेगळं पत्र देतो. शिक्का मारून."

"पत्रानंच झालंया समदं," ती म्हणाली. "तुमी या. देवळात या आन तोंडानं सांगा."

रविवार, २७ जुलै. श्रावण शुद्ध तृतीया

ऋतुजाला शुक्रवारी प्रमाणपत्र मिळालं. आज सकाळच्या एसटीनं मेटकरवाडीला गेलो. लोकांपुढे बोलायची मला सवय नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातही मी खुर्च्या मोजायला असतो. वाटेत तीनदा मनात वाक्य जुळवलं.

बिरोबाच्या देवळापुढे पंचवीस-तीस माणसं बसली होती. केराबाईनं ती गोळा केली होती की आपोआप जमली होती, माहीत नाही. बायका भिंतीच्या सावलीला. हरिबांचे धाकटे भाऊ पुढेच, मांडीवर काठी.

मी उभा राहिलो आणि सांगितलं की हरिबा धुळा मेटकरी हे सोलापुरात आमच्या शाळेत होते, त्यांचा नंबर एकतीसशे अठ्ठ्याऐंशी, आणि त्यांची नोंद नाही असं पत्र मी दिलं ते चुकीचं होतं, ती चूक माझी. जुळवलेलं वाक्य याहून मोठं होतं. तेवढंच आठवलं.

मग धाकट्या भावानं काठी आपटली. "शाळंत व्हता, ऱ्हाऊ द्या. पर आमास्नी तर सातवी पास म्हनून सांगायचा. जलमभर सांगितलं. ते खरं का खोटं, सांगा की. तुमी तर पान बघितलंया."

पान माझ्या डोळ्यांपुढे होतं. 'इयत्ता सहावी. सतत गैरहजर, सबब नाव कमी.' केराबाईनं मला गावाच्या नावापाशीच थांबवलं होतं, हे रकाने वाचायचे राहिले होते. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. 'नीट आठवत नाही' म्हणालो असतो तर सगळं निभावलं असतं. पण न बघता लिहिलेल्या एका वाक्यानं एवढं झालं होतं; बघितलेलं लपवून आणखी काय झालं असतं?

"सहावीपर्यंत होते," मी म्हणालो. "सातवी नाही. सहावीत नाव कमी झालं."

"म्हंजी लबाडच की!" भाऊ मागे वळून सगळ्यांना म्हणाला. दोघं-तिघं हसले.

केराबाई उठली. मला वाटलं, निघाली. ती सावलीतून पुढे आली आणि हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत.

"एक वरीस! एकच वरीस वाढवून सांगितलं व्हय मला! माझा बाप म्हनला व्हता, सातवी झालेल्यालाच पोरगी देनार. दुसरं काय सांगतील?" मग दिराकडे वळली. "आन तू रं? तू शाळंच्या दाराला बी लागला न्हाईस. मोठा आलाय पास-नापास इचारनारा."

आता सगळंच देऊळ हसलं. दीर काठीशी खेळत "तसं न्हवं वैनी, मी आपलं इचारलं" असं काहीतरी पुटपुटला.

केराबाई माझ्यासमोर येऊन बसली. "नाव कमी का केलं?"

"गैरहजर म्हणून लिहिलंय."

"म्हंजी?"

"शाळेत येत नसत."

"मग कुटं जात व्हते?"

"ते रजिस्टरात नसतं, आजी."

"नसू द्या. मला ठावं हाय," ती म्हणाली, पदरानं डोळे पुसले आणि देवळाच्या पायरीला पाठ टेकली. "मिलच्या मागं एक तालीम व्हती. तितं एक कर्नाटकातला पैलवान यायचा. ह्येंनी एक दीस त्येला बघितलं..."

आणि ती सांगायला लागली. सावलीतल्या बायका जवळ सरकल्या, ऋतुजा तिच्या गुडघ्याशी येऊन बसली, दिरानं काठी खाली ठेवली. माझी एसटी चारची होती. ती खालच्या रस्त्यानं वाजत गेली, मी ऐकलं. पैलवान अजून आखाड्यात उतरायचा होता. मी सहाच्या गाडीनं आलो.